ग्रंथपालाला स्टाफरूम नसते

कॉलेजात मराठीचे तीन-चार प्राध्यापक असतात, रसायनशास्त्राचे त्याहून जास्त. प्रत्येकाला आपापलं डिपार्टमेंट असतं. एखादा भाग शिकवताना अडलं तर शेजारच्या टेबलावर विचारता येतं, डबा खाता खाता वाद घालता येतो. ग्रंथपाल मात्र अख्ख्या कॉलेजात एकच. माझ्याकडे एक लिपिक आहे, दोन परिचर आहेत आणि तिघंही कामाला पक्के आहेत. पण दिवाळी अंक नियतकालिक म्हणून नोंदवायचा की पुस्तक म्हणून, हे मी विचारायचं कुणाला? प्राचार्यांना? त्यांच्या लेखी लायब्ररी म्हणजे नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या मूल्यांकनाच्या, चौथ्या निकषातला एक उपविभाग.

मी बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, मुक्त विद्यापीठातून केलं, गंगापूर धरणाजवळच्या आपल्या यशवंतराव चव्हाणांच्या विद्यापीठातून. तेव्हा आम्ही कॅटलॉगचं कार्ड हाताने लिहायला शिकलो, खालच्या भोकातून सळई जाते ते कार्ड. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांची १९३१ सालची पाच सूत्रं तोंडपाठ केली. ती सूत्रं आजही लागू आहेत, कार्ड मात्र रद्दीत गेलं. त्यानंतर ग्रंथालयात जे जे आलं (बारकोड, कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, ऑनलाइन कॅटलॉग, प्रबंधांची शोधगंगा, ई-पुस्तकं आणि ई-जर्नल्सची एन-लिस्ट) ते मला कुठल्या वर्गात बसून कुणी शिकवलं नाही. विद्यापीठाचे उजळणी वर्ग झाले, पदोन्नतीला लागतात म्हणून सगळे करतात तसे मीही केले. पण रोज दुपारी साडेबाराला काउंटरवर उभी राहणारी अडचण उजळणी वर्गाची वाट बघत नाही. अशा अडचणींची उत्तरं मला बहुतेक फोनवर मिळाली. तेही व्याख्यानांतून कमी आणि लोकांशी बोलण्यातून जास्त.

'मॅडम दिवसभर मोबाईलवर असतात' हा शेरा यामुळे मी ऐकलेला आहे. इतिहासाच्या सरांनी पुस्तक उघडलं की तो अभ्यास, आणि ग्रंथपालाने फेसबुक उघडलं की तो टाइमपास! मी त्यावर एक साधा उपाय काढला. तेच फेसबुक काउंटरच्या कॉम्प्युटरवर उघडते. मोठ्या स्क्रीनवर तेच काम एकदम कामासारखं दिसतं.

आधी व्हॉट्सॲपबद्दल. आमच्या भागातल्या ग्रंथपालांचा एक ग्रुप आहे. पहाटेच पहिलं 'सुप्रभात' पडतं. १२ ऑगस्टला रंगनाथनांचा तोच एक फोटो दिवसभर फिरतो, वर हार आणि खाली ग्रंथपाल दिनाच्या शुभेच्छा. कुणाची निवृत्ती, कुणाची पीएच.डी., त्यावर अभिनंदनांची रांग. या सगळ्याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. ज्याच्या मुलीच्या लग्नाच्या पोस्टला आपण अंगठ्याची इमोजी टाकलीय, तो आपल्या प्रश्नाला रात्री अकरालाही उत्तर देतो. स्टाफरूममध्येही चहा आणि चकाट्या असतातच की, आणि त्यातूनच कामाच्या गोष्टी निघतात.

मात्र प्रश्न विचारायची एक रीत असते आणि ती मला हळूहळू कळली. 'कोहा चालत नाहीये, कृपया मदत करा' असं लिहिलं की हात जोडलेल्या चार इमोजींपलीकडे काही येत नाही. कोहाची आवृत्ती कुठली, नेमकं काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, हे सगळं स्क्रीनच्या फोटोसकट टाकलं, की अनोळखी माणूससुद्धा हातातलं काम सोडून उत्तर देतो.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे 'ऱ'चं प्रकरण.

एम.ए.चा एक मुलगा वऱ्हाडी बोलीवरचं पुस्तक मागत होता. कॅटलॉगमध्ये शोधलं तर शून्य. त्याने माझ्यासमोर पुन्हा टाइप केलं, पुन्हा शून्य. आमचे परिचर मामा मागून शांतपणे म्हणाले, "आहे ना, खिडकीच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर." आणि घेऊन आले. मामांना युनिकोड, म्हणजे संगणकातली अक्षरांची प्रमाणपद्धत, लागत नाही. पण मामा निवृत्त होणार, कॅटलॉग राहणार.

मी आमची नोंद उघडून पाहिली. नावात 'वऱ्हाडी' स्वच्छ दिसत होतं, शुद्धलेखनही बरोबर. नोंदीतला शब्द कॉपी करून शोधला तर पुस्तक सापडायचं, हाताने टाइप केला तर नाही. डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी एकसारखे. दोन्ही स्क्रीनचे फोटो काढले आणि कोहा वापरणाऱ्यांच्या एका फेसबुक ग्रुपवर टाकले, मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

उत्तर आलं ते केरळातल्या एका ग्रंथपालाकडून. त्यांना मराठी येत नाही, 'वऱ्हाडी' म्हणजे काय हेही माहीत नाही. पण दुखणं त्यांनी फोटोवरूनच ओळखलं, कारण त्यांच्याकडेही ते होतं. मल्याळममध्ये शब्दाच्या शेवटी येणारी 'चिल्लू' नावाची काही व्यंजनं आहेत. ती पूर्वी मूळ अक्षर, त्याला हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह अशी लिहिली जायची. २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्यांना स्वतंत्र जागा मिळाली. मग जुना डेटा एका पद्धतीचा, नवा दुसऱ्या, आणि शोध फसला. त्यांनी मला एवढंच सुचवलं, की तुमच्या त्या अर्ध्या र-चे दोन अवतार आहेत का ते बघा.

होतेच. आपला हा वऱ्हाडातला, कऱ्हाडातला, दुसऱ्यातला 'ऱ' संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकात खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे ते न दिसणारं जोडचिन्ह. आमच्या जुन्या नोंदी कधीकाळी एका खासगी मराठी फॉन्टमध्ये केलेल्या होत्या. त्या युनिकोडमध्ये आणताना दुसरा अवतार बनला. पोरं फोनवर टाइप करतात तेव्हा पहिला येतो. डोळ्याला फरक नाही, मशीनला जमीन-अस्मानाचा.

पुढचं काम आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या मुलाने केलं. कोहाचा शोध ज्या झेब्रा नावाच्या इंजिनावर चालतो, त्यात देवनागरीसारख्या लिप्यांसाठी आयसीयू नावाची पद्धत निवडता येते. तिच्या एका फाइलमध्ये आपला नियम लिहिता येतो, की हा अवतार दिसला तर तो समज. नियम लिहिला, सगळ्या नोंदींची अनुक्रमणिका पुन्हा बांधली, आणि 'वऱ्हाडी' सापडलं. त्याच्याबरोबर 'गोऱ्हे' आडनावाचे लेखक सापडले, 'कऱ्हाड' सापडलं, 'शेतकऱ्यांचे' असं नावात असलेली कितीतरी पुस्तकं सापडली. इतकी वर्षं ती कपाटात होती आणि कॅटलॉगच्या लेखी नव्हती. मराठी ग्रंथालयात 'शेतकऱ्यांचे' हा शब्दच शोधून सापडत नाही, यावर खरं तर एखादा परिसंवाद व्हायला हवा. तो झाला नाही. केरळातल्या त्या सरांनी मात्र 'हॅपी टू हेल्प' लिहून एक हसरा चेहरा टाकला.

यातून मला एक सवय लागली. आपल्याच लोकांत उत्तर मिळालं नाही, तर ज्यांच्याकडे आपल्यासारखंच दुखणं वेगळ्या नावाने असेल अशा लोकांत जायचं.

पुस्तकं दुरुस्त करायचं तसंच झालं. आमच्याकडे देणगीत आलेले जुन्या मासिकांचे बांधीव खंड आहेत. नाशिकचा पाऊस जुलैपासून जो मुक्काम ठोकतो, त्यात आमच्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल येते आणि सप्टेंबरपर्यंत त्या खंडांना वास सुटतो. कसर लागते. पाठी सुटतात. आमच्या अभ्यासक्रमात जतनावर एक प्रकरण होतं. त्यात डांबराच्या गोळ्या आणि वाळवीचा बंदोबस्त याच्या पलीकडे माझ्या लक्षात काही राहिलेलं नाही.

इन्स्टाग्रामवर कागद-संवर्धन करणारे लोक आहेत, हे मला भाचीने दाखवलं. बोलायचं नाही, फक्त हात. गव्हाच्या स्टार्चची पेज शिजवून ती गाळणीतून पुन्हा पुन्हा घासतात, साय यावी तशी मऊ होईपर्यंत. जपानी टिश्यू कागद कापत नाहीत. पाण्याची बारीक रेघ ओढून त्या रेघेवर तो फाडतात. मग कडेला तंतू सुटे राहतात आणि जोड पानात मुरतो. मी हे तासभर बघत बसले. सेलोटेप लावलेली आमची सगळी पुस्तकं डोळ्यांपुढून गेली, वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडून चिकट डाग ठेवणारी.

रविवार कारंजाजवळ आमचे बाइंडर बसतात. तेही खळच वापरतात, मैद्याची. पण तिच्यात मोरचूद घालतात. मी एका संवर्धकाच्या रीलखाली मोरचुदाबद्दल विचारलं. उत्तर आलं, की त्यातलं तांबं कागदाच्या तंतूंचं ऑक्सिडेशन वाढवतं, कागद तपकिरी होऊन तुटायला लागतो. जुन्या कागदाला नकोच. हे मी बाइंडरकाकांना जाऊन सांगितलं. ते खळ ढवळत होते, थांबले नाहीत. "मॅडम, मोरचूद नाही घातलं तर पावसाळ्यात झुरळं बांधणीच खातील. तुमच्या त्या मोबाईलवाल्याकडे झुरळं नसतील."

माझ्या मते दोघंही बरोबर आहेत. संवर्धकाला शंभर वर्षांचा विचार करायचा असतो, बाइंडरला पुढच्या जूनचा. आम्ही मधला मार्ग काढला. क्रमिक पुस्तकं काकांच्या पद्धतीने, कारण ती तशीही पाच वर्षांत बदलतात. जुन्या खंडांसाठी मोरचुदाशिवाय ताजी खळ, तेवढ्यापुरती, उरली की टाकून द्यायची. काकांनी कुरकुर केली, पण केलं. आता ते स्वतःच विचारतात, "यातलं मोबाईलवालं कुठलं?"

कसरीवरचा उपाय त्याच धाग्यात मिळाला. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करायचं आणि उणे वीस अंश सेल्सिअसला आठवडा-दोन आठवडे गोठवायचं. किडे आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पुस्तक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत एक दिवस तसंच ठेवायचं, नाहीतर गार पानांवर दव धरतं. उणे वीसचा डीप फ्रीझर आमच्या झूलॉजीच्या लॅबमध्ये निघाला. विभागप्रमुख मॅडमनी एक खण दिला, वर चिठ्ठी चिकटवली: 'लायब्ररी स्पेसिमेन, हात लावू नये.'

हे सगळं छान छान सांगितलं, आता जे मला पटत नाही ते.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन प्रश्नमंजूषांचा आणि वेबिनारचा जो पूर आला, त्यात आम्ही ग्रंथपाल आघाडीवर होतो. गुगल फॉर्म भरा, वीस प्रश्न सोडवा, चाळीस टक्क्यांना ई-प्रमाणपत्र. लोक दिवसाला चार-चार गोळा करत होते. त्यातून कोण काय शिकलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. प्रमाणपत्रावरची नक्षी मात्र सुंदर असायची.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ग्रंथपालांच्याच ग्रुपवर नव्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. ज्यांनी प्रकाशकाकडून पुस्तक विकत घेऊन दाखल नोंदवहीत चढवायचं, तेच अख्खी कादंबरी 'सर्वांसाठी' म्हणून पुढे ढकलतात आणि वर 'वाचन संस्कृती वाढवूया' असं लिहितात. मी यावर बोलले तेव्हा ग्रुपमध्ये दोन दिवस शांतता होती.

कॉपीराइटचं हे गणित मला मराठी विकिस्रोतावर काम करणाऱ्या लोकांच्या चर्चा वाचून नीट कळलं. तिथे कुठलं पुस्तक चढवता येतं यावर ते फार काटेकोर असतात. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजायची. आपल्या तात्यासाहेबांचंच बघा. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ला गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०५९ सालच्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या पोस्टरवर अख्खी कविता छापून नाशिकभर लावणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. कायदा सांगितला म्हणून मी कवितेची शत्रू ठरत नाही. ज्या गावात ते राहिले, त्या गावाने तरी परवानगी विचारायची सवय लावून घ्यावी, इतकंच.

ट्विटरवर मी परदेशातल्या अभिलेखपालांना वाचायचे. २०२२मध्ये मालक बदलल्यावर त्यातले बरेच निघून गेले, कुणी मॅस्टोडॉनवर, कुणी ब्लूस्कायवर. मी त्यांच्या मागे सगळीकडे गेले नाही. एवढ्या खोल्यांना कुलपं कोण लावत बसणार? लिंक्डइनवर सगळे कायम 'आनंदाने कळवत' असतात, तिथे मन रमत नाही. यूट्यूबचा उपयोग आहे, विशेषतः कोहा बसवायला. पण व्हिडिओ कधीचा आहे ते आधी बघावं, दोन आवृत्त्या मागचा असेल तर अर्धी बटणं सापडत नाहीत.

फोनवरची माहिती फोनमध्येच ठेवली तर ती गेली म्हणून समजा. ग्रुपवरचं उत्तर तीन दिवसांत हारतुऱ्यांखाली गाडलं जातं. म्हणून मी एक लांब वही केली आहे, दाखल नोंदवहीसारखीच: तारीख, प्रश्न, कुणी सांगितलं, करून पाहिलं का, काय झालं. शेवटचे दोन रकाने महत्त्वाचे. ऐकलेल्यातलं किती प्रत्यक्षात उतरलं, ते तिथे दिसतं. बरेच रकाने कोरे आहेत.

आणि उत्तरं आता मी मराठीत लिहिते. कारण असं, की पेठ-सुरगाण्याकडच्या गावांतल्या सार्वजनिक वाचनालयांत जे लोक बसतात, त्यांच्यातल्या अनेकांना मानधन म्हणजे नावापुरतं आणि इंग्रजीतली माहिती म्हणजे डोंगर. आमच्या विषयाचा पुष्कळसा मजकूर इंग्रजीत, आणि राज्यातला कायदा १९६७चा असला तरी गावच्या वाचनालयाला शिकवायला येणारं कुणी नाही. गोठवायच्या उपायावर मी मराठीत पोस्ट टाकली तेव्हा एका वाचनालयातल्या बाईंचा मेसेज आला: "ताई, आमच्याकडे डीप फ्रीझर नाही, पण आइस्क्रीमवाला ओळखीचा आहे, चालेल का?" मी म्हटलं, तापमान उणे अठरा-वीसपर्यंत जातं का विचारा, पिशवी दोनदा बंद करा, मुदत पूर्ण दोन आठवड्यांची ठेवा, आणि कुल्फीच्या शेजारी ठेवू नका. त्यांनी करून फोटो पाठवला. व्हॅनिलाच्या खोक्यामागे तुकारामांच्या गाथेची जुनी प्रत!

सध्या डोक्यात आहे ते २०२७चं. सिंहस्थ. २०१५च्या कुंभमेळ्याचं आमच्या ग्रंथालयात काय आहे म्हणून बघितलं, तर वर्तमानपत्रांची कात्रणं आणि दोन गौरव-स्मरणिका. तपोवनातल्या साधुग्रामाचे नकाशे, वाहतूक वळवल्याची पत्रकं, वाहनांचे पास, आखाड्यांची निमंत्रणं, गल्लीतल्या मंडळांनी लावलेले अन्नदानाचे फलक, यातलं काही नाही. बारा वर्षांनी एकदा गावावर येणारी गोष्ट, आणि तिचा कागद आठवड्यात रद्दीत जातो. असे चार दिवसांचे कागद जाणीवपूर्वक जमवायची पद्धत जगातल्या मोठ्या ग्रंथालयांत आहे, हेही मला अशाच एका अभिलेखपालाच्या पोस्टवरून कळलं. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. कागद हातात आला त्याच दिवशी मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि आणणाऱ्याचं नाव लिहायचं. आणि काही झालं तरी लॅमिनेशन करायचं नाही. आमची एन.एस.एस.ची पोरं तर दिसेल तो कागद लॅमिनेट करायला धावतात, त्यांना आधी आवरायला हवं.

प्राचार्यांकडे एक कपाट मागितलंय. तोपर्यंत नमुना म्हणून एका मंडळाच्या अन्नदानाच्या पत्रकाची मार्क या कॅटलॉग-नोंदीच्या साच्यात नोंद करून ग्रुपवर टाकली आणि विचारलं, की प्रकाशक म्हणून मंडळाचं नाव घ्यावं की खाली बारीक अक्षरात असलेल्या छापखान्याचं? त्यावरून दोन तट पडलेत. निवृत्त झालेले एक सर छापखान्याच्या बाजूने हिरिरीने भांडतायत, नियमावलीच्या पानांचे फोटो टाकून. मी मंडळाच्या बाजूची आहे. काल रात्री त्यांना लिहिलं, की सर, छापखान्याने कागद छापला, जेवण मंडळानेच घातलं ना? अजून उत्तर आलेलं नाही. सुप्रभात मात्र वेळेवर आलं.